भूपट्ट थंड, मग शिलारस येतो कोठून?

तुम्ही काटोलजवळच्या एका शाळेत भूगोल शिकवता आणि नववीच्या वर्गात एका मुलीने तुम्हाला अडवले, असे तुम्ही लिहिले आहे. एक भूपट्ट दुसऱ्याखाली जातो, खालच्या उष्णतेने वितळतो आणि तोच वितळलेला शिलारस वर येऊन ज्वालामुखी होतो, असे तुम्ही फळ्यावर समजावले. त्यावर ती म्हणाली, "समुद्राचा तळ तर थंड असतो. गरम चहात बर्फ टाकला की चहाच थंड होतो. मग थंड दगड खाली गेल्यावर नेमका तिथेच ज्वालामुखी का?" याला तुम्ही स्वतःचे दोन प्रश्न जोडले आहेत: आपल्या नागपुरातल्या सीताबर्डीच्या टेकडीचा काळा दगड याच रीतीने आला का, आणि भारत तिबेटखाली सरकत असूनही हिमालयात ज्वालामुखी का नाहीत.

सर्वांत आधी हे सांगतो की त्या मुलीची हरकत पूर्णपणे बरोबर आहे. मी नागपुरात तीस वर्षे खडकशास्त्र शिकवले, त्याआधी काही वर्षे विदर्भात खडकांचे नकाशे तयार केले, आणि सुरुवातीच्या काळात मीही वर्गात "खाली गेलेला भूपट्ट वितळतो" असेच सांगत असे. वाक्य सोपे आहे, आकृतीत छान बसते, पण बहुतेक ठिकाणी ते खरे नाही. बहुतेक ठिकाणी वितळतो तो बुडणाऱ्या भूपट्टाच्या वर असलेला गरम खडक, आणि तो वितळतो उष्णता वाढल्यामुळे नव्हे, तर त्यात पाणी मिसळल्यामुळे. बाकीचे सारे उत्तर या एका वाक्याचा विस्तार आहे.

मुळात अडचण कोठे आहे ते पाहू. आपल्या पायाखाली काही किलोमीटर गेले की सगळीकडे लाव्हाच उकळत आहे, अशी समजूत मुलांमध्ये असते आणि मोठ्यांमध्येही असते. प्रत्यक्षात भूकवचाखालचे प्रावरण घन आहे. भूकंपाच्या दुय्यम लहरी द्रवातून जाऊ शकत नाहीत, आणि त्या प्रावरणातून व्यवस्थित पार होतात. हा घन खडक अतिशय तापलेला असतो आणि लाखो वर्षांच्या हिशेबात अत्यंत सावकाश वाहतो, पण तो रस नव्हे. इतका तापूनही तो वितळत का नाही, याचे उत्तर तुमच्या स्वयंपाकघरातल्या कुकरमध्ये आहे. कुकरमध्ये दाब वाढला की पाणी १०० अंशांना उकळत नाही, १२० अंशांच्या आसपास उकळते. तसेच खडकाचे आहे. १०० किलोमीटर खोलीवर वातावरणाच्या सुमारे ३०,००० पट दाब असतो. प्रावरणातला पेरिडोटाइट नावाचा खडक कोरडा असेल, तर तिथे वितळू लागायला त्याला साधारण १,४०० ते १,५०० अंश सेल्सिअस तापमान लागते, आणि तिथले तापमान सहसा त्याच्या थोडे खालीच असते. म्हणजे हा खडक वितळण्याच्या उंबरठ्यावर आहे, पण उंबरठा ओलांडत नाही.

तो ओलांडायला लावण्याचे तीन मार्ग आहेत. पहिला, आणखी तापवणे. हा आपल्याला सर्वांत आधी सुचतो, पण मोठ्या प्रमाणावर निसर्ग तो क्वचितच वापरतो. दुसरा, दाब कमी करणे, म्हणजे गरम खडक घन अवस्थेतच वर उचलला जाणे. तिसरा, वितळणबिंदूच खाली आणणे, आणि भूपट्ट बुडतात तिथे हा तिसरा मार्ग लागू पडतो.

तिसरा मार्ग मुलांना समजावताना मी नेहमी लाकडी बादलीतल्या पॉट आइस्क्रीमचे उदाहरण देतो. बर्फात जाडे मीठ टाकले की बर्फ पाझरू लागतो. कोणी त्याला तापवलेले नसते. उलट मिश्रण अधिक थंड होऊन उणे २१ अंशांपर्यंत जाऊ शकते. मिठाने एवढेच केले की बर्फाला ज्या तापमानाला वितळावे लागते तेच खाली आणले. खोल प्रावरणात मिठाची ही भूमिका पाणी बजावते. थोडेसे पाणी मिळाले की ज्या पेरिडोटाइटला १,४०० अंशांहून अधिक तापमान लागत होते, तो १,००० अंशांच्या आसपासही वितळू लागतो, आणि एवढा तर तो आधीपासूनच तापलेला असतो. चहा आणि बर्फाच्या उदाहरणात त्या मुलीने थंडपणा बरोबर हेरला. तिला सांगायचे राहिले ते इतकेच की हा बर्फ खारा आहे.

आता हे पाणी १०० किलोमीटर खोल पोहोचते कसे? खडकांच्या फटींत आणि चिखलात साठलेले समुद्राचे पाणी फार खोल जात नाही. गर्तेपासून, म्हणजे भूपट्ट जिथे बुडू लागतो त्या समुद्रातल्या खोल चरापासून, थोडे अंतर गेल्यावर दाबाने ते पिळून निघते. खोलवर जाते ते खनिजांच्या रचनेतच बांधले गेलेले पाणी. महासागराच्या तळाचा बेसाल्ट, म्हणजे लाव्हा गोठून बनलेला काळा खडक, जिथे तयार होतो तिथे तो भेगाळलेला असतो, त्यातून समुद्राचे पाणी खेळते, आणि मूळच्या कोरड्या खनिजांपासून क्लोराइट, अँफिबोल, सर्पेंटाइन यांसारखी पाणी धरून ठेवणारी खनिजे तयार होतात. गर्तेजवळ भूपट्ट वाकतो तेव्हा त्याला नव्या भेगा पडतात आणि पाणी आणखी खोल शिरते. हिरवट, हाताला गुळगुळीत लागणाऱ्या सर्पेंटाइनमध्ये वजनाच्या सुमारे १३ टक्के पाणी असते. हातात घेतला तर दगड खडखडीत कोरडा वाटतो.

हे वर्गात दाखवता येते. किराणा दुकानातून तुरटीचा खडा आणा आणि जुन्या लोखंडी तव्यावर मंद आचेवर ठेवा. खडा कोरडा ठणठणीत असतो, पण थोड्याच वेळात तो स्वतःच्याच पाण्यात विरघळल्यासारखा होतो, बुडबुडे येतात, वाफ निघते आणि शेवटी पांढरी, फुगलेली, हलकी लाही उरते. आपल्या आज्या घशासाठी जी तुरटीची लाही करत असत, तीच ही. तुरटीच्या वजनाचा जवळजवळ ४५ टक्के भाग पाणी असतो. एक फरक मात्र सांगायला हवा: तुरटीत पाणी रेणूंच्या रूपात असते, तर सर्पेंटाइन किंवा अँफिबोलमध्ये ते हायड्रॉक्सिलच्या, म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोडीच्या, रूपात असते, आणि ते सोडवायला कित्येक शे अंश तापमान लागते. तत्त्व मात्र तेच. भूपट्ट खाली जातो, दाब आणि तापमान वाढते, एकेक खनिज आपली रचना मोडते आणि पाणी सोडते. हे एका ठिकाणी नळ उघडल्यासारखे घडत नाही. काही खनिजे लवकर हार मानतात, अँफिबोल साधारण ७०-८० किलोमीटरपर्यंत तग धरते, सर्पेंटाइन आणि क्लोराइट थंड भूपट्टात त्याहूनही खोल जाऊ शकतात. पाणी गमावलेला बेसाल्ट शेवटी गार्नेट असलेल्या एक्लोजाइट नावाच्या जड खडकात बदलतो आणि भूपट्टाला आणखी खाली ओढतो.

सुटलेले पाणी हलके असल्याने वर जाते, आणि वर असते प्रावरणाची पाचर: खाली तिरपा बुडणारा भूपट्ट, वर दुसरा भूपट्ट, आणि दोघांच्या मधला गरम खडक. बुडणारा भूपट्ट या पाचरीचा खालचा थर आपल्यासोबत ओढून नेतो, त्याची जागा घ्यायला मागून नवा गरम खडक येत राहतो. ही बाब आकृत्यांमध्ये सहसा सुटते, पण माझ्या मते ती कळीची आहे. हा पुरवठा नसता तर थंड भूपट्टाने पाचर कधीच गारठवली असती आणि तुमच्या विद्यार्थिनीचे म्हणणे शब्दशः खरे ठरले असते. पाणी मिळाल्यावर पाचरीतला सगळा खडक वितळत नाही. थोडाच भाग, तोही कणांच्या सांध्यांमधून, वितळतो. तो रस भोवतालच्या घन खडकापेक्षा हलका असतो, म्हणून वर झिरपतो, भूकवचाच्या तळाशी साठतो, तिथे काही खनिजे त्यातून आधी गोठून बाजूला पडतात, भूकवचाचा काही भाग त्यात मिसळतो, आणि उरलेल्या रसात सिलिकाचे प्रमाण वाढत जाते. अशा रीतीने बनणाऱ्या खडकाला अँडीज पर्वतावरूनच अँडेसाइट हे नाव मिळाले.

इथवरची साखळी एकदा सलग मांडतो, म्हणजे पुढचे सोपे जाईल: समुद्राच्या तळात पाणी बांधले जाते, भूपट्ट ते खाली नेतो, खोलवर खनिजे ते सोडतात, वरच्या गरम पाचरीचा वितळणबिंदू उतरतो, रस तयार होतो, तो वर चढताना बदलतो, आणि त्यातला काही भाग पृष्ठभागावर येतो.

हे सगळे कोणी खाली जाऊन पाहिलेले नाही, मग विश्वास कशावर ठेवायचा, असा प्रश्न चुणचुणीत मुले विचारतातच. मला सर्वांत पटणारा पुरावा बेरिलियम-१० या मूलद्रव्य-प्रकाराचा आहे. तो वातावरणात विश्वकिरणांमुळे तयार होतो, पावसासोबत खाली येतो आणि समुद्रतळाच्या चिखलात साठतो. तो किरणोत्सारी असून दर सुमारे १४ लाख वर्षांनी निम्मा होतो, त्यामुळे पृथ्वीच्या पोटात जुना बेरिलियम-१० शिल्लक असणे शक्यच नाही. तरीही मध्य अमेरिका आणि अल्युशियन बेटांच्या काही ज्वालामुखींच्या ताज्या लाव्हात तो सापडला. आता हिशेब करून पाहा. भूपट्ट वर्षाला ५ सेंटीमीटर वेगाने ४५ अंशांच्या कोनात जात असेल, तर १०० किलोमीटर खोलीसाठी त्याला सुमारे १४० किलोमीटर तिरपे अंतर कापावे लागते, म्हणजे सुमारे २८ लाख वर्षे लागतात. एवढ्या काळात बेरिलियम-१० एक चतुर्थांश उरतो, आणि तेवढा मोजता येतो. समुद्रतळाचा चिखल खाली जाऊन लाव्हातून परत आला, याची ही पावतीच आहे. हा हिशेब मी दरवर्षी विद्यार्थ्यांकडून करून घेत असे. उत्तर आल्यावर वर्गात जी शांतता पसरायची ती अजून आठवते.

दुसरा पुरावा मी स्वतः सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आहे. खडकाची चकती काचेवर चिकटवून ०.०३ मिलिमीटर जाडीपर्यंत घासली की तिच्यातून प्रकाश आरपार जातो. अंदमानच्या नारकोंडम बेटावरच्या अँडेसाइटची अशी एक चकती एका सहकाऱ्याने मला दिली होती. तिच्यात हॉर्नब्लेंडचे लांबट, हिरवट-तपकिरी स्फटिक आहेत. सूक्ष्मदर्शकाचा मंच फिरवला की त्यांचा रंग बदलतो. हॉर्नब्लेंड हे पाणी बाळगणारे खनिज आहे, म्हणजे रस खोलवर असताना त्यात भरपूर पाणी होते. पण प्रत्येक स्फटिकाच्या कडेला काजळ घातल्यासारखी काळी किनार आहे. रस वर येताना दाब उतरला, पाणी वायू होऊन निघून गेले, आणि पाण्यावाचून हॉर्नब्लेंड कडेपासून मोडू लागले. पूर्ण मोडण्याआधी लाव्हा गोठला. पाणी आल्याची आणि गेल्याची, अशा दोन्ही खुणा त्या एका मिलिमीटरभर स्फटिकात आहेत.

त्याच मंचावर मी सीताबर्डीच्या दगडाची चकती ठेवतो, तेव्हा तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर समोर येते. तिच्यात प्लॅजिओक्लेज या खनिजाच्या बारीक पट्ट्यांची जाळी आणि मधून मधून पायरॉक्सीन या खनिजाचे कण दिसतात, हॉर्नब्लेंड नाही. दख्खनचा हा बेसाल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा आहे, आजही तो जवळजवळ ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे, आणि नागपूर त्याच्या पूर्व कडेवर वसले आहे. शहराच्या पश्चिमेला काळा दगड, पूर्वेकडे जाऊ लागलो की फार जुने नीस खडक. गिट्टीखदान या वस्तीच्या नावातच हा दगड आहे. हा लाव्हा सबडक्शनचा, म्हणजे एक भूपट्ट दुसऱ्याखाली बुडण्याच्या क्रियेतला, नव्हे. इथे दुसरा मार्ग लागू होता: खोलवरून अतिशय गरम प्रावरण वर उचलले गेले, दाब उतरला आणि ते वितळले, बहुतेक भूशास्त्रज्ञ याचा संबंध आज रियुनियन बेटाखाली असलेल्या उष्णस्थानाशी जोडतात. हा रस पातळ होता, त्यात पाणी कमी होते, म्हणून तो फार मोठे स्फोट न करता लांबवर पसरला. दोन थरांच्या मध्ये इतकी उसंत असे की तिथे तळी तयार होत. १९व्या शतकात मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी नागपुरातल्या आपल्या टाकळीच्या थरांतून गोळा केलेले गोड्या पाण्यातले शंख अशाच तळ्यांतले.

सबडक्शनच्या ज्वालामुखींचा स्वभाव याच्या अगदी उलट असतो, आणि त्याचे कारणही पाणीच आहे. तिथल्या रसात पृष्ठभागाकडे निघताना वजनाच्या सरासरी ४ टक्क्यांच्या आसपास पाणी असते, आणि सिलिका वाढलेला रस चिकट असल्याने वायूचे बुडबुडे सहज निसटत नाहीत. सोड्याची बाटली हलवून झाकण काढले की जे होते, ते डोंगराएवढ्या प्रमाणावर होते. १९९१ च्या जूनमध्ये फिलिपिन्समधला पिनाटुबो असाच फुटला, त्याच्या डेसाइट या लाव्हाच्या खडकातही हॉर्नब्लेंड आहे, आणि त्याच्या उद्रेकानंतर जगाचे सरासरी तापमान काही काळ सुमारे अर्ध्या अंशाने उतरले. सुमात्रातला टोबा सुमारे ७४,००० वर्षांपूर्वी फुटला, तेव्हा त्याची राख सोन नदीच्या खोऱ्यापर्यंत पोहोचली.

आता परिस्थितीनुसार बदलणाऱ्या गोष्टी. बुडणारा भूपट्ट कधीच वितळत नाही, असेही ठासून सांगू नका. तो तरुण आणि गरम असेल तर त्याचा वरचा भाग वितळू शकतो, आणि त्यावरचा गाळ तर त्याहून सहज वितळतो. अशा रसाच्या खडकाला अल्युशियनमधल्या अडाक बेटावरून अडाकाइट म्हणतात. कोनही महत्त्वाचा आहे. ज्वालामुखींची रांग साधारणपणे भूपट्ट सुमारे १०० किलोमीटर खोल असतो त्या जागेच्या वर येते, म्हणून ४५ अंशांचा कोन असेल तर ती गर्तेपासून जवळपास १०० किलोमीटरवर असते, ३० अंशांचा असेल तर सुमारे १७० किलोमीटरवर. आणि कोन फारच सपाट झाला तर? पेरूच्या काही भागात भूपट्ट जवळजवळ आडवा सरकतो, मधली गरम पाचरच उरत नाही, आणि तिथे आज जागृत ज्वालामुखी नाहीत. भूपट्ट आहे, पाणी आहे, पण वितळायला गरम खडक नाही. या एका उदाहरणाने "घर्षणाने वितळते" हे जुने स्पष्टीकरणही निकालात निघते, कारण घर्षण तर तिथेही आहे.

भारतातले उदाहरण हवे असेल तर बॅरन बेट सांगा. अंदमानात पोर्ट ब्लेअरच्या ईशान्येला सुमारे १४० किलोमीटरवर असलेला हा भारताचा एकमेव जागृत ज्वालामुखी. दीड शतकाहून अधिक काळ शांत राहून तो १९९१ मध्ये पुन्हा जागा झाला. तिथे हिंदी महासागराचा तळ पूर्वेकडे म्यानमारच्या छोट्या भूपट्टाखाली जातो. याच पट्ट्यात पुढे सुमात्राजवळ २६ डिसेंबर २००४ चा भूकंप झाला.

हिमालयाचा प्रश्न आता एका परिच्छेदात सुटतो. भारताचे खंडीय कवच जाड आणि हलके आहे, ते समुद्रतळासारखे खोल बुडत नाही, आणि बुडत्या समुद्रतळाइतके पाणीही सोबत नेत नाही. शिवाय त्याच्या वर गरम पाचर नसून तिबेटचे जाड कवच आहे. पण हे सुमारे ५ कोटी वर्षांपासूनचे चित्र. त्याआधी भारत आणि आशिया यांच्या मध्ये टेथिस समुद्र होता, त्याचा तळ आशियाखाली जात होता, आणि तेव्हा तिथे अँडीजसारखी ज्वालामुखींची रांग होती. लेहच्या उत्तरेला लडाख रांगेत जो करडा ग्रॅनाइट दिसतो, तो त्या ज्वालामुखींच्या खाली गोठून राहिलेला शिलारस आहे. वरचे डोंगर झिजून गेले आणि मुळे उघडी पडली. समुद्र संपला तसा पाण्याचा पुरवठा संपला.

फळ्यावरची आकृती पुन्हा काढाल तेव्हा एक बदल करा. शिलारसाचा लाल बाण बुडणाऱ्या भूपट्टातून काढू नका. भूपट्टातून निळ्या खडूने पाण्याचे छोटे बाण वर न्या, ते पाचरीत थांबवा, आणि लाल बाण तिथून सुरू करा. जमल्यास मोजमापही पाळा: एक सेंटीमीटरला ५ किलोमीटर धरले तर ८० किलोमीटर जाडीचा भूपट्ट १६ सेंटीमीटर येतो, पाणी सुटण्याची खोली २० सेंटीमीटर येते, आणि ३,७७६ मीटर उंचीचा फुजी पर्वत पाऊण सेंटीमीटर येतो. तो मोठा काढण्याचा मोह होईल, पण तेवढाच ठेवा.